यकृताचा कर्करोग : घाबरू नका, पण वेळही घालवू नका

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. सोमवारचा उपास सोडायला आम्ही सगळे मोठ्या जाऊबाईंकडे जमलो होतो. माझे मोठे दीर, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, पानावर बसले आणि दोन घास खाऊन उठले. अळूची भाजी, कढी, मुगाची खिचडी, सगळे त्यांच्या आवडीचे. "पोटात जागाच नाही गं," एवढेच म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिले आणि निदान करून टाकले, "डोळे पिवळट दिसतायत. कावीळ आहे."

झाले! दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू. कुणी हातावर झाडाच्या सालीचा रस चोळून वर चुन्याचे पाणी घातले आणि कावीळ 'उतरवली'. कुणी गळ्यात माळ घातली. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाहून अनशापोटी घ्यायचे मुळीचे औषध आले. हातावरचे पाणी पिवळे झालेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. तो रंग साल आणि चुना एकत्र आल्याचा होता, हे कुणाच्या मनातही आले नाही.

मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी. मुलांना विज्ञानाचे तास नसले तरी 'आजारी पडलात तर डॉक्टरांकडे जा' हे मीच सांगते. पण मोठ्यांच्या समोर धाकट्या सुनेने किती बोलायचे, या विचाराने गप्प राहिले. असे सहा आठवडे गेले. दादांचे सात किलो वजन उतरले, उजव्या बरगडीखाली जड वाटू लागले, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. यकृतात चार सेंटिमीटरची गाठ!

"अहो डॉक्टर, पण हे तर दारूला शिवलेसुद्धा नाहीत," जाऊबाईंचे पहिले वाक्य हे होते. मैत्रिणींनो, तुमच्याही मनात हेच आले असेल. म्हणूनच हा लेख लिहायला बसले आहे. गेल्या दोन वर्षांत डॉक्टरांना विचारून, वाचून आणि रुग्णालयाच्या बाकांवर बसून जे कळले, ते तुमच्यापर्यंत पोचवावे, एवढाच हेतू.

आपले यकृत

यकृत म्हणजे लिव्हर. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचे. आपण खाल्लेले अन्न, घेतलेली औषधे, सगळे आधी याच्याकडे जाते. पित्त तयार करणे, साखर साठवणे, रक्त गोठायला लागणारे पदार्थ बनवणे, विषारी द्रव्ये निकामी करणे, अशी किती तरी कामे ते मुकाट्याने करते. घरातल्या बाईसारखेच म्हणा ना! आणि तिच्यासारखेच, फार त्रास होईपर्यंत तक्रारही करत नाही. म्हणूनच यकृताचा आजार उशिरा कळतो.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आतड्याचा, स्तनाचा किंवा दुसऱ्या अवयवाचा कर्करोग पसरून यकृतात येतो, तो वेगळा. त्याचे उपचार मूळ रोगाप्रमाणे ठरतात. मी लिहिते आहे ते यकृतातच सुरू झालेल्या कर्करोगाबद्दल. रिपोर्टात 'लिव्हरमध्ये गाठ' असे वाचले की पहिला प्रश्न हाच विचारावा : ही गाठ इथलीच, की बाहेरून आलेली?

दारू न पिताही?

हो, दारू न पिताही. दारू हे एक मोठे कारण आहेच. आपले नाशिक द्राक्षांचे आणि आता वाइनचेही गाव, पण 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे यकृताला कुणी सांगितलेले नाही! त्याशिवाय मोठी कारणे तीन. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी.

दादांना बारा वर्षांचा मधुमेह. पोट सुटलेले, कंपनीत खुर्चीवरचे काम, घरी आल्यावर टीव्ही. चार वर्षांपूर्वीच्या एका तपासणीत 'फॅटी लिव्हर' असा शब्द आला होता. आम्ही म्हटले, आजकाल सगळ्यांनाच असते. चरबी साठते, तिच्यामुळे सूज येते, सुजेचे व्रण होतात आणि वर्षानुवर्षांच्या व्रणांनी यकृत कडक, गाठीगाठींचे होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाचे असे होत नाही, पण ज्यांचे होते त्यांच्यात कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच सिरॉसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी असे डॉक्टर सांगतात, बरोबर अल्फा-फीटोप्रोटीन नावाची रक्ततपासणीही करतात. गाठ लहान असताना सापडली तर तिचा इलाज करता येतो. सगळा खेळ वेळेचा आहे.

हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो. अमिताभ बच्चन यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९८२ मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात ते जबर जखमी झाले. तेव्हा दिलेल्या रक्तातून हा विषाणू त्यांच्या शरीरात गेला आणि तो कळेपर्यंत यकृताचा तीन-चतुर्थांश भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. आज रक्तपेढ्यांत प्रत्येक बाटलीची तपासणी होते. पण उघड्यावरचे गोंदण, न बदललेली सुई, एकच वस्तरा अनेकांना, यातून धोका राहतोच.

आणि आपला मराठी रंगभूमीवरचा लाडका नट अतुल परचुरे! रंगमंचावर पु. लं.ना उभे करणारा, सगळ्यांना हसवणारा माणूस. त्यांच्या यकृतात गाठ निघाली, त्यांनी ते लपवले नाही, मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले, पुन्हा कामालाही लागले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले, तेव्हा वय अवघे ५७. दादा तेव्हा नुकते घरी येऊन हिंडूफिरू लागले होते. टीव्हीवर ती बातमी लागली आणि आम्ही कुणीच कुणाकडे पाहिले नाही.

उपचार कोणते?

गाठ कळल्यावर खास प्रकारचा सीटी स्कॅन करतात. शिरेतून औषध देऊन तीन वेगवेगळ्या क्षणी यकृताची चित्रे घेतात. सिरॉसिस असलेल्या माणसात या चित्रातली खूण स्पष्ट असेल तर सुई घालून तुकडा काढायची गरज पडतेच असे नाही. आम्हाला वाटले होते, तुकडा काढला नाही म्हणजे तपास अर्धवट. तसे नसते.

उपचार ठरवताना डॉक्टर दोन गोष्टी एकदम पाहतात. गाठ केवढी, किती, कुठे. आणि उरलेले यकृत किती चांगले आहे. दोन माणसांची गाठ सारखीच असली तरी उपचार वेगळे असू शकतात, ते याचमुळे. 'अमक्याचे ऑपरेशन झाले, मग आमचे का नाही?' असे म्हणून डॉक्टर बदलत बसू नये.

१. शस्त्रक्रिया : गाठ असलेला भाग कापून काढणे. यकृत हा असा अवयव आहे की चांगला भाग शिल्लक असेल तर तो पुन्हा वाढतो. पण सिरॉसिस झालेले यकृत ही कापाकापी सहसा सोसत नाही. दादांना म्हणूनच नको म्हणाले.

२. गाठ जाळणे : सोनोग्राफीत बघत बघत पोटातून एक सुई गाठीत घालतात आणि उष्णतेने ती जाळतात. रेडिओ लहरींनी किंवा मायक्रोवेव्हने. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठींना हा उपाय फार चांगला. मोठी चिरफाड नाही, दवाखान्यातला मुक्काम थोडा. दादा सहा आठवडे आधी गेले असते तर कदाचित एवढ्यावरच भागले असते, हा विचार आजही मला छळतो.

३. गाठीची रसद तोडणे : याला डॉक्टर 'टेस' म्हणतात. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेतात, गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत औषध सोडतात आणि ती वाहिनी बुजवतात. त्यानंतर दोन-चार दिवस ताप, मळमळ, पोटदुखी होते. याच वाटेने किरणोत्सारी बारीक मणी सोडण्याचीही पद्धत आहे, पण ती बरीच महाग पडते. बाहेरून नेमके किरण देऊनही काही गाठींवर उपचार करतात.

४. यकृत बदलणे : म्हणजे प्रत्यारोपण. यात गाठही जाते आणि जिच्यात गाठ झाली ती खराब जमीनही जाते. पण हे सर्वांना करता येत नाही. १९९६ मध्ये इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी एक मोजमाप घालून दिले. एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत; आणि रोग यकृताबाहेर किंवा मोठ्या रक्तवाहिनीत गेलेला नसावा. आता यात थोडी ढील देणारे डॉक्टरही आहेत, पण पाया तोच. दादांची गाठ चारची, म्हणजे या मापात बसणारी. आणखी दोन महिने मुळीचे औषध चालले असते तर बसलीही नसती.

५. औषधे : रोग पसरला असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शने. २००७ मध्ये सोराफेनिब नावाची गोळी उपयोगी ठरली. पुढे लेनव्हाटिनिब आले. २०२० पासून शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारी इंजेक्शने वापरात आली आणि त्यांचा परिणाम सोराफेनिबहून सरस दिसला. ती शिरेतून दर तीन आठवड्यांनी देतात. सगळ्यांना मानवत नाहीत आणि किंमत अजून फार आहे.

रोग फार पुढे गेला असेल आणि शरीर थकले असेल तर दुखणे, मळमळ, पोटात पाणी होणे यावर इलाज करून माणसाला आराम देणे हाही उपचारच आहे. 'आता काही करता येणार नाही' असे नसते. वेदना कमी करणे नेहमीच करता येते. ते मागायला संकोचू नये.

एका गोळीची गोष्ट

सोराफेनिबची एक गोष्ट आपल्या देशाला भूषण वाटावी अशी आहे. परदेशी कंपनीची ही गोळी भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळे. कोणत्या मध्यमवर्गीय घराला परवडणार? आपल्या पेटंट कायद्यात एक तरतूद आहे. औषध लोकांना परवडेल अशा किमतीत मिळत नसेल तर सरकार दुसऱ्याला ते बनवायचा सक्तीचा परवाना देऊ शकते. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने या तरतुदीखाली देशातला पहिला परवाना दिला, तो हैदराबादच्या नॅटको कंपनीला. महिन्याच्या १२० गोळ्या जास्तीत जास्त ८,८८० रुपयांना! मूळ कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, २०१४ मध्ये तिथेही हरली आणि सर्वोच्च न्यायालयानेही दखल द्यायला नकार दिला. २०२० मध्ये पेटंटची मुदतच संपली. म्हणून औषधाची किंमत ऐकून हात गाळू नका. 'यातलंच दुसऱ्या कंपनीचं मिळेल का?' हे डॉक्टरांना जरूर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आमच्या घरची परीक्षा

आम्हाला मुंबईला जायला सांगितले. पहाटे उठून डबा भरायचा, नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस गाठायची, दादरला उतरायचे, असे किती तरी फेरे झाले. तिथल्या डॉक्टरांनी एकत्र बसून सांगितले, यकृत बदलणे हा सर्वांत चांगला मार्ग. तोवर गाठ वाढू नये म्हणून 'टेस' करू.

यकृत मिळणार कुठून? मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांनी दान केलेले मिळते, पण त्यासाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागते आणि दान करणारे आपल्याकडे फार थोडे. दुसरा मार्ग म्हणजे जवळच्या नातेवाइकाने आपल्या यकृताचा भाग देणे. १९९४ च्या कायद्याप्रमाणे नवरा-बायको, आई-वडील, मुले, भाऊ-बहीण आणि पुढे झालेल्या दुरुस्तीने आजी-आजोबा, नातवंडे हे जवळचे नातेवाईक. यात पैशाचा व्यवहार हा गुन्हा आहे.

डॉक्टरांचे बोलणे संपले आणि खोलीतल्या सगळ्यांनी जाऊबाईंकडे पाहिले. कुणी काही म्हटले नाही. म्हणायची गरजच नव्हती. "मी देते," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांचा पुतण्या म्हणाला, "आई, मी देतो." तर सासूबाई लगेच, "तुझं अजून लग्न व्हायचंय!"

आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे आकडे मी नंतर वाचले. त्या दिवशी मात्र ते मी डोळ्यांनी पाहिले. प्रेमाने दिले तर त्यासारखे दान नाही. पण तिला कुणी विचारले होते का?

विचारले ते समन्वयक बाईंनी. त्यांनी जाऊबाईंना एकटीला आत नेले. दात्याला धोका किती हे स्वच्छ सांगितले. उजवा मोठा भाग द्यायचा तर हजारात साधारण पाच दात्यांच्या जिवावर बेतू शकते. राहिलेले यकृत दोन-तीन महिन्यांत बरेचसे वाढते, पण दुखणे, वण, विश्रांती चुकत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती तुम्हीही लक्षात ठेवा : "शेवटच्या क्षणापर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. घरच्यांना आम्ही फक्त एवढंच सांगू, की तपासणीत जमलं नाही."

जाऊबाई नाही म्हणाल्या नाहीत. पण तपासणीत खरोखरच जमले नाही. त्यांना स्वतःलाच फॅटी लिव्हर निघाले! नवऱ्याचे पथ्य, सासूबाईंचे गुडघे, मुलाच्या परीक्षा सांभाळताना त्यांनी स्वतःची रक्ततपासणी बाळंतपणानंतर केलीच नव्हती.

मग भाऊ. म्हणजे माझे 'हे'. रक्तगट जुळला. आता सगळ्यांच्या नजरा माझ्या घराकडे वळल्या. मैत्रिणींनो, खरे सांगते, त्या रात्री मी ह्यांना म्हटले, "नको. आपली मुलं लहान आहेत." सहा आठवडे मुळी उगाळणाऱ्यांचा राग आला, दादांचाही आला. स्वतःची लाज वाटली, तरी शब्द परत घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई घरी आल्या. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाल्या, "मी तुला मागायला आले नाही. तू हो म्हणालीस तरी माझी, नाही म्हणालीस तरी माझीच. माझ्यावेळी मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तुला सांगायला आले." आम्ही दोघी खूप रडलो. मग मी समन्वयक बाईंची वेळ घेतली आणि ह्यांच्याबरोबर बसून मला पडलेले सगळे प्रश्न वहीत लिहून एकेक विचारले. मन शांत झाले ते भीती गेल्यामुळे नव्हे, भीती केवढी आहे ते कळल्यामुळे. निर्णय ह्यांनी घेतला. मी सही केली.

जानेवारीत ऑपरेशन झाले. दोन्ही भाऊ एकाच मजल्यावर, दोन वेगळ्या खोल्यांत, आणि मधल्या बाकावर आम्ही दोघी जावा. तीन महिन्यांनी हे कामावर रुजू झाले. दादा आज चालतेफिरते आहेत. शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून त्यांना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, ठराविक वेळाने तपासणी करावी लागेल, रोग उलटण्याची भीती पूर्ण गेलेली नाही. पण परवा नागपंचमीला दिंडं मागून घेतली!

पैसा आणि मुक्काम

प्रत्यारोपणाचा खर्च खासगी रुग्णालयात वीस लाखांच्या पुढे जातो. आमच्या ठेवी मोडल्या, दोघींचे दागिने गेले, धर्मादाय न्यासांकडे अर्ज केले. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. खर्चाचा अंदाज हातात पडला की त्याच दिवशी तिथे जावे, शेवटी नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. आपला उपचार आणि आपले रुग्णालय त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे.

कर्करोगाचा सल्ला हवा तर परळचे टाटा रुग्णालय आहेच. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या दुःखातून पुढे टाटांच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समिती यांचा मोठा आधार असतो. जाण्यापूर्वी चौकशी करून जावे. आणि एक घरगुती सूचना : सगळे कागद तारखेप्रमाणे एकाच फाइलीत लावा, पहिल्या पानावर औषधांची यादी आणि मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची ऑपरेशने लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर निम्मा वेळ कागद शोधण्यात जातो.

आपल्या हातात काय आहे?

बरेच आहे. हा कर्करोग पुष्कळदा टाळता येण्यासारखा आहे.

हिपॅटायटिस बीची लस : बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस, पुढचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीतून. २०११ पासून ही लस देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. सून किंवा लेक गरोदर असेल तर तिची हिपॅटायटिस बी तपासणी झाली ना, हे पाहा. आईकडून बाळाला लागण होऊ शकते. मोठ्यांनाही लस घेता येते.

हिपॅटायटिस सी : याला लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

बुरशीचे दाणे : शेंगदाणे, मका यांवर दमट हवेत एक बुरशी येते. तिचे विष यकृताला घातक आणि कर्करोगाला कारण होणारे. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन सुमारे चारशे माणसे आजारी पडली आणि शंभरावर दगावली. भाजल्याने, शिजवल्याने हे विष पुरते जात नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे दाणे निवडून टाका. 'चटणीत खपून जातील' असे म्हणू नका. पावसाळ्यापूर्वी दाणे कडकडीत उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे, आणि पावसाळ्यात थोडे थोडे आणावे.

घरगुती काढे : 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' हा समज सोडा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद तज्ज्ञांचा. पण यकृताचा आजार असलेल्याने डॉक्टरांना न सांगता कोणताही काढा घेऊ नये, एवढे शहाणपण आपण नक्की घ्यावे.

आणि डोळे पिवळे दिसले, भूक गेली, वजन उतरले, उजव्या बरगडीखाली जड वाटले, पोट फुगले, तर माळ नंतर. आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा. मधुमेह असेल, फॅटी लिव्हर निघाले असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : 'यकृत कडक झालंय का, पाहूया का?'

आता आम्ही दोघी जावा रोज सकाळी चालायला जातो. जाऊबाईंनी सहा किलो वजन उतरवले आणि पुढच्या सोनोग्राफीत त्यांची चरबी कमी दिसली. घरातल्या सगळ्यांनी अवयवदानाची नोंदणी केली. मेल्यानंतर दिलेले यकृत मिळू लागले तर कुठल्याच घरात जिवंत माणसांकडे असे बघावे लागणार नाही. सासूबाईंनी स्वतःहून विचारले, "माझ्या वयाचं चालतं का गं?"

आमच्या कपाटात दादांची फाइल आहे, ह्यांची आहे, मुलांच्या लसींची कार्डे आहेत. गेल्या महिन्यात त्यात दोन नव्या फाइली आल्या. एक जाऊबाईंची, एक माझी. मैत्रिणींनो, तुमची आहे का?